तेरा रुग्ण आणि एक खोडलेले नाव : कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाची सत्तर वर्षे

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा. विषय वैद्यकाचा असला तरी प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचाच आहे. एखाद्या गोष्टीला नाव कोण देते, ते नाव यादीतून कोण काढते, आणि नाव गेल्यावर त्या नावाखाली मोजल्या जाणाऱ्या माणसांचे काय होते?

१९५५ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जमैकातील मधुमेहावर एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक होते फिलिप ह्यू-जोन्स हे ब्रिटिश डॉक्टर. त्यांनी तपासलेल्या २१५ रुग्णांपैकी बहुतेकांची विभागणी तेव्हा नुकत्याच रुळू लागलेल्या दोन प्रकारांत होत होती. मात्र १३ रुग्ण कोठेच बसेनात. ते तरुण होते आणि अंगाने अत्यंत कृश होते. रक्तशर्करा भयंकर वाढलेली असे आणि ती आटोक्यात आणायला इन्सुलिनही बरेच लागे. अशा रुग्णाचे इन्सुलिन थांबवले तर रक्तात आम्ले साचून तो काही दिवसांत बेशुद्ध व्हावा, अशी तेव्हाची अपेक्षा होती. हे १३ जण तसे बेशुद्ध होत नव्हते. ह्यू-जोन्स यांनी त्यांच्यासाठी तिसरा कप्पा केला आणि त्याला जमैकाच्या आद्याक्षरावरून ‘जे’ हे नाव दिले.

हे १३ रुग्ण एवढे कोड्यात टाकणारे का ठरले, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

लंडनमधील हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली एक सोपी चाचणी केली. रुग्णाला ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी द्यायचे आणि रक्तातील साखर कशी हलते ते पाहायचे. काहींच्या शरीराने इन्सुलिनला तत्काळ दाद दिली, काहींच्या शरीराने जवळजवळ दुर्लक्ष केले. म्हणजे काही रुग्णांत इन्सुलिनचा अभाव होता, तर काहींत ते असूनही निष्प्रभ ठरत होते. १९५१ मध्ये लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला शरीरयष्टीची जोड दिली आणि ‘प्रकार १’ व ‘प्रकार २’ ही नावे वापरली. एकीकडे सडपातळ तरुण, दुसरीकडे स्थूल प्रौढ. आज आपण सहज उच्चारतो ती ही नावे पाऊणशे वर्षांपेक्षा फारशी जुनी नाहीत.

कृश आणि स्थूल हा भेद मात्र फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : जन्मजात आणि अपथ्यातून उद्भवलेला. पहिल्याचा रुग्ण कृश, दुसऱ्याचा स्थूल. चरकसंहिता तर उपचारही वेगळे सांगते. स्थूल आणि बलवान रुग्णाचे शोधन करावे, कृश आणि दुर्बळ रुग्णाचे पोषण करावे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील एतिएन लांसरो यांनीही ‘कृश मधुमेह’ आणि ‘स्थूल मधुमेह’ अशीच विभागणी केली. येथे ‘आमच्या पूर्वजांना सर्व काही आधीच ठाऊक होते’ असा जयघोष करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. इन्सुलिन, स्वादुपिंडातील पेशी किंवा प्रथिनांची कमतरता यांपैकी काहीही त्या ग्रंथकारांच्या समोर नव्हते. त्यांनी डोळ्यांना दिसणारा फरक नोंदवला आणि त्यानुसार पथ्य ठरवले, एवढेच म्हणता येते. पण कृश रुग्णाला उपाशी ठेवू नये, हा विचार मनात असू द्या. पुढे त्याची गरज लागणार आहे.

कारण विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वांत प्रतिष्ठित उपचार नेमका उलटा होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील फ्रेडरिक ॲलन यांनी १९१४ च्या सुमारास उपासाची पद्धत रूढ केली. लघवीतील साखर नाहीशी होईपर्यंत रुग्णाला जवळजवळ निराहार ठेवायचे आणि नंतर जगण्यापुरते मोजून द्यायचे. इन्सुलिनपूर्व काळात मुलांचे आयुष्य महिन्या-वर्षांनी लांबवणारी ही एकमेव पद्धत होती, म्हणून तिला क्रूर म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. तरीही ॲलन यांची रुग्ण एलिझाबेथ ह्यूज १९२२ च्या ऑगस्टमध्ये टोरांटोला फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे पोहोचली, तेव्हा वयाच्या पंधराव्या वर्षी तिचे वजन २० किलोंच्या आसपास होते. ती अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या होती. त्याच वर्षी ११ जानेवारीला लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले होते. एलिझाबेथ वाचली आणि पुढे सत्तरी ओलांडून जगली.

युरोप-अमेरिकेत उपास हा मधुमेहावरचा उपचार होता. मग उपासमार हेच मधुमेहाचे कारण असू शकेल, ही कल्पना तेथील वैद्यकाला सहजी का पटली नाही, हे समजणे अवघड नाही. मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग, हे चित्र मनात पक्के बसले होते. जमैकातील १३ रुग्ण त्या चित्राला छेद देत होते.

पुढचा दुवा इंडोनेशियात सापडला. झुइडेमा यांनी १९५९ मध्ये अशा गरीब, कुपोषित मधुमेही रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या स्वादुपिंडात कॅल्शियमचे खडे विखुरलेले होते. स्वादुपिंडातील खड्यांचा आणि मधुमेहाचा संबंध नवा नव्हता. इंग्लंडच्या थॉमस कॉली यांनी १७८८ मध्येच एका मधुमेही रुग्णाच्या शवविच्छेदनात असे खडे पाहिले होते. मात्र पाश्चात्त्य देशांत अशा खड्यांमागे सहसा वर्षानुवर्षांचे मद्यपान असे. येथे मद्याला स्पर्शही न केलेल्या तरुणांच्या, क्वचित मुलांच्या, क्ष-किरण चित्रांत कण्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे खडे दिसत होते.

या रोगाचा सर्वांत तपशीलवार अभ्यास झाला तो केरळात. डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी तेथील शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. बालपणी वारंवार पोटदुखी, किशोरवयात मधुमेह आणि ऐन तारुण्यात मृत्यू, असा या रोगाचा क्रम त्यांनी मांडला. ‘पँक्रिएटिक डायबिटीस’ हा त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला. मराठी कविता-कादंबऱ्यांमुळे आपल्याला परिचित असलेले तेच हे प्रकाशन. केरळातील गरिबांच्या रोगावरचा पायाभूत ग्रंथ मुंबईत छापला गेला, ही नोंद मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ती दोनदा वाचली.

केरळातच हा रोग एवढा का? गीवर्गीस यांचा संशय एका कंदावर होता. कसावा, म्हणजे टॅपिओका, मल्याळममध्ये कप्पा.

या कंदाचा प्रवास हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, पण थोडे सांगतोच. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मलबारात तो पोर्तुगीजांमार्फत आला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (राज्यकाल १८८० ते १८८५) यांना वनस्पतिशास्त्राची आवड होती. गरिबांसाठी दुष्काळात टिकणारे अन्न म्हणून त्यांनी या पिकाचा हिरिरीने प्रसार केला. त्रावणकोरचा भात ब्रह्मदेशातून येणाऱ्या तांदळावर अवलंबून होता. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, जहाजे थांबली आणि लाखो घरांत भाताची जागा कप्प्याने घेतली. त्याच युद्धकाळात आयात साबुदाणा दुर्मीळ झाल्याने तमिळनाडूतील सेलम परिसरात कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. आपल्या एकादशीच्या खिचडीचा उगम हा असा आहे.

कसाव्यात लिनामरिन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून सायनाइड सुटते. शरीर हे विष निष्प्रभ करते, पण त्यासाठी गंधक असलेली ॲमिनो आम्ले लागतात आणि ती प्रथिनांतून मिळतात. ज्याच्या ताटात फक्त कप्पा आहे, मासळी नाही आणि डाळही नाही, त्याच्याकडे हा बचाव कमकुवत असणार. मॅकमिलन आणि गीवर्गीस यांनी १९७९ मध्ये हा तर्क सविस्तर मांडला. (खिचडीच्या काळजीत पडलेल्यांसाठी : कंद कुटून, धुऊन आणि भाजून साबुदाणा होईपर्यंत हे द्रव्य बव्हंशी निघून जाते.)

तर्क देखणा होता. राजा, युद्ध, भूक आणि विष, सारे एका सूत्रात गुंफले जात होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी कथा फार आवडते आणि म्हणूनच तिच्यापासून सावध राहावे लागते. कसावा ज्यांच्या ताटात कधी येत नाही, अशा प्रदेशांतही हाच रोग आढळला. २००२ च्या सुमारास हैदराबादसह अनेक ठिकाणच्या संशोधकांना या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत ‘स्पिंक-१’ या जनुकातील बदल सापडला. स्वादुपिंडात तयार होणारी पाचकरसांतील विकरे वेळेआधी सक्रिय झाली तर ती स्वादुपिंडालाच पचवू लागतात. त्यांना आवर घालणारे प्रथिन या जनुकातून बनते. तोच आवर ढिला पडला तर अवयवाचा हळूहळू नाश होतो. कसाव्यावरचा आरोप त्यानंतर फारसा उरला नाही. कुपोषणाबद्दलही नवा प्रश्न उभा राहिला. पाचकरस बनत नाहीत म्हणून अन्न अंगी लागत नाही, मग रुग्णाची कृशता हे रोगाचे कारण मानावे की परिणाम?

दरम्यान कटकमध्ये वेगळे चित्र दिसत होते. बी. बी. त्रिपाठी आणि बी. सी. कार यांनी १९६५ मध्ये तेथील तरुण, कृश रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. इन्सुलिन थांबले तरी आम्लसंचय नाही, आणि स्वादुपिंडात खडेही नाहीत. हे जमैकातील १३ रुग्णांचे ओडिशातील भाऊबंद वाटत होते.

या सर्व नोंदींना १९८५ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने ‘कुपोषणाशी संबंधित मधुमेह’ असा स्वतंत्र वर्ग जाहीर केला. त्याचे दोन उपप्रकार होते : खडे असलेला आणि खडे नसलेला, प्रथिनांच्या कमतरतेशी जोडलेला. भारत, बांगलादेश, नायजेरिया, इथिओपिया येथील डॉक्टर जे रोज पाहत होते, त्याला पाठ्यपुस्तकात जागा मिळाली.

ती जागा १४ वर्षे टिकली. १९९९ च्या वर्गीकरणात हा वर्ग नव्हता. खड्यांचा उपप्रकार ‘स्वादुपिंडाचे रोग’ या शीर्षकाखाली गेला आणि दुसरा उपप्रकार वगळला गेला. कारण असे दिले गेले की, प्रथिनांच्या कमतरतेमुळे किंवा कुपोषणामुळे मधुमेह होतो याचा पुरेसा पुरावा नाही.

समाजमाध्यमांवर ही घटना ‘श्रीमंत देशांनी गरिबांचा रोग पुसून टाकला’ अशी सांगितली जाते. मला हे अर्धेच खरे वाटते. पुरावा खरोखर विस्कळीत होता. व्याख्या देशागणिक बदलत होत्या आणि कारण-परिणामाचा गुंता सुटलेला नव्हता. शंका घेणारे केवळ जिनिव्हात बसलेले होते असेही नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये उष्ण कटिबंधातील मधुमेहावर कटकमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या निष्कर्षांच्या लेखनात त्रिपाठींबरोबर पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिकही होते. तेथे ‘कुपोषणाने रूप पालटलेला मधुमेह’ अशा अर्थाचे सौम्य नाव सुचवले गेले. कुपोषण हे कारण आहे असा दावा त्यात नव्हता. ते रोगाला वळण देते, एवढेच म्हटले होते. अभ्यासक स्वतः सावध होत होते.

पण पुरावा अपुरा का होता, हाही प्रश्न विचारायलाच हवा. हा रोग जेथे होता तेथे महागड्या चाचण्या नव्हत्या, आणि चाचण्या होत्या तेथे हा रोग नव्हता. वर्ग वगळल्यावर त्यावर संशोधन करण्याचे निमित्तही गेले. आणि रुग्ण? तो वगळला गेला नाही. तो दवाखान्यात येतच राहिला आणि त्याला उरलेल्या दोन कप्प्यांपैकी एकात बसवले गेले. तरुण आणि कृश म्हणून ‘प्रकार १’ ठरला, तर त्या मापाने इन्सुलिन. एक वेळच्या जेवणाची खात्री नसलेल्या माणसात ती मात्रा रक्तशर्करा जिवावर बेतेल इतकी खाली नेऊ शकते. ‘प्रकार २’ ठरला तर सल्ला मिळणार : आहार कमी करा, वजन उतरवा. आता चरकसंहितेतील तो कृश रुग्ण आठवावा.

याच काळात दुर्मीळ मधुमेहांची दुसरी एक गोष्ट घडत होती आणि तिचे नशीब फार निराळे निघाले. रॉबर्ट टॅटर्सल यांनी १९७४ मध्ये लंडनमधील काही कुटुंबांचे वर्णन केले. त्यांच्यात मधुमेह तरुणपणी आणि सौम्य रूपात, पिढीमागून पिढी उतरत होता. ‘मोडी’ म्हणून हा गट ओळखला जाऊ लागला (आपल्या मोडी लिपीशी संबंध नाही!) आणि १९९० च्या दशकात त्याची जनुके सापडली. त्यापुढची पायरी नवजात बाळांची. आयुष्याच्या पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह झालेल्या बाळांना जन्मभर इन्सुलिन ठरलेले असे. २००४ मध्ये इंग्लंडच्या एक्झिटर येथील अँड्र्यू हॅटर्सली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, यांतील अनेकांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींतील पोटॅशियमचे एक द्वार जनुकीय दोषामुळे उघडेच राहते. ते मिटत नाही म्हणून इन्सुलिन बाहेर पडत नाही.

ते द्वार मिटवणारे औषध आधीच कपाटात होते. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिये येथे मार्सेल जानबाँ विषमज्वरावर एक सल्फा औषध वापरून पाहत होते आणि रुग्णांची साखर घसरू लागली. त्यातूनच सल्फोनिलयुरिया गोळ्यांचा वंश निर्माण झाला. या जनुकीय दोषाच्या ४९ रुग्णांना त्या गोळ्या दिल्या, तेव्हा ४४ जणांचे इन्सुलिन पूर्णपणे थांबले. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. लाखात एखादा आढळणारा रोग, पण त्याला नाव मिळाले, जनुक सापडले आणि नेमका उपचारही मिळाला. संख्येने कितीतरी मोठ्या असलेल्या कृश रुग्णांच्या गटाला तेव्हा नावही उरले नव्हते.

२०२२ मध्ये ‘डायबिटीस केअर’ या नियतकालिकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील रिद्धी दासगुप्ता, निहाल थॉमस आणि न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातील मेरेडिथ हॉकिन्स यांच्या गटाचा अभ्यास आला. ७३ भारतीय पुरुषांचे काही गट पाडले : कृश मधुमेही, प्रकार १, प्रकार २ आणि निरोगी. १९५५ मध्ये कल्पनेतही नसलेल्या अचूकतेने त्यांच्या शरीरातील इन्सुलिन मोजले गेले. कृश मधुमेहींचे शरीर इन्सुलिनला व्यवस्थित दाद देत होते, यकृतात आणि पोटात चरबी कमी होती. दोष होता तो इन्सुलिन पुरेसे स्रवत नाही हा. पूर्ण अभाव नसल्याने प्रकार १ नाही आणि प्रतिरोध नसल्याने प्रकार २ नाही.

जुन्या नोंदी वाचलेल्याला येथे ठेच लागते. ह्यू-जोन्स यांच्या १३ रुग्णांना भरपूर इन्सुलिन लागत होते. १९८५ च्या वर्णनातही मोठी मात्रा हे लक्षण होते. वेल्लोरच्या रुग्णांना तर थोडे इन्सुलिनही लागू पडते. मग हा एकच रोग आहे का? १९५० च्या दशकातील इन्सुलिन गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले, आजच्याइतके शुद्ध नसलेले होते आणि शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवत असे. मात्रा फुगण्यामागे तेही एक कारण असू शकेल. किंवा एकाच नावाखाली तेव्हा दोन-तीन वेगळे रोग गोळा झाले असतील. मला दुसरी शक्यता अधिक पटते.

एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने मतदान करून या रोगाला ‘प्रकार ५’ ही ओळख दिली आणि निदान व उपचारांचे निकष ठरवण्यासाठी कार्यगट नेमला. हॉकिन्स आणि थॉमस त्याचे नेतृत्व करतात. महासंघाच्या अंदाजाने जगात २ ते २.५ कोटी लोकांना हा मधुमेह असावा, प्रामुख्याने आशिया आणि आफ्रिकेत. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. निदानाचे निकषच पक्के नसताना मोजणी होणार कशी? अनेक तज्ज्ञांचा आक्षेप याच ठिकाणी आहे. ७३ जणांच्या, तेही केवळ पुरुषांच्या, अभ्यासावर नवा प्रकार उभा करणे घाईचे आहे, असे ते म्हणतात. आणि पोटातील बाळाच्या कुपोषणाला किती वाटा द्यायचा आणि बालपणीच्या उपासमारीला किती, हेही सुटलेले नाही. याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चालवलेल्या माता-पोषण अभ्यासात वजनाने कमी, पण शरीरातील चरबीच्या प्रमाणात कमी नसलेली बाळे दिसली. त्यांचा धोका प्रकार २ च्या दिशेने जातो. एकाच भुकेतून दोन वाटा कशा फुटतात, याचे उत्तर अजून हाती नाही.

उपचारांचे आजचे चित्र असे. खड्यांच्या प्रकारात बहुतेकांना इन्सुलिन लागते. अन्न पचावे म्हणून जेवणासोबत स्वादुपिंडाच्या विकरांच्या गोळ्या, आणि असह्य वेदना असतील तर खडे काढण्याची किंवा नलिका मोकळी करण्याची शस्त्रक्रिया. प्रकार ५ मध्ये अल्प मात्रेतील इन्सुलिन किंवा गोळ्या, मात्रा सावकाश वाढवणे, आणि त्याच्या जोडीला पुरेसे उष्मांक व प्रथिने. सर्वमान्य मार्गदर्शक सूत्रे अजून तयार व्हायची आहेत. (घरात कोणी मधुमेही आणि कृश असेल तर धागा वाचून औषध बदलू नका, डॉक्टरांना ‘सी-पेप्टाइड’ आणि प्रतिद्रव्यांच्या चाचण्यांबद्दल विचारा. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते पहिलीवरून कळते, तर प्रकार १ आहे का हे दुसरीवरून.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात खड्यांचा प्रकार स्वादुपिंडाच्या रोगांखाली आहे, पण १९९९ मध्ये वगळलेला दुसरा वर्ग त्यात परतलेला नाही. जमैकातील त्या १३ जणांना आजच्या यादीत कोठे नोंदवायचे, यावर एकमत झालेले नाही.